लोणी पेठेत, ताक माळावर

रायगडाच्या राजधानीचा वृत्तांत सांगणाऱ्या बखरींत अठरा कारखाने आणि बारा महाल यांची जी यादी येते, तिच्यात टंकसाळ, पागा, कोठी, पालखी अशा भारदस्त नावांच्या मधोमध ‘थट्टी’ हे एक साधे नाव बसलेले आढळते, आणि इतिहासाचे वाचक बहुधा तेवढे नाव ओलांडून पुढे जातात. थट्टी म्हणजे सरकारी गुराढोरांचे खाते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० फूट उंचीच्या त्या पहाडावर १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, दरबार भरला, बाजारपेठ वसली, आणि एवढ्या माणसांच्या मुदपाकखान्याला दूधदुभते पुरवणे हे राज्यकारभाराचेच एक अंग झाले, यात नवल नाही. पण गडावर चढणाऱ्या दुधाची कथा जितकी सांगितली गेली, तितकी गडाखाली आणि गडाभोवती उरलेल्या ताकाची कधी सांगितली गेली नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील माणसांच्या पोटाचा इतिहास मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या ताकातच आहे.

सावित्री नदी महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, आंबेनळी घाटाच्या कुशीने पोलादपुराकडे उतरते, महाडापाशी गांधारीचे पाणी पोटात घेते आणि बाणकोटाजवळ समुद्राला मिळते. आणि तिच्या या प्रवासातच येथील समाजरचनेच्या तिन्ही पायऱ्या दिसतात. वर, कड्यांच्या खांद्यावरील माळांवर आणि पठारांवर, गवळी धनगरांचे वाडे. मध्ये, ओढ्यांच्या काठी भाताची खाचरे आणि उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या कुणब्यांची गावे. आणि खाली, भरतीच्या पाण्याबरोबर गलबते जेथवर येत आणि वरंध्याच्या घाटाने देशावरचे बैल जेथे उतरत, ती महाडची पेठ. प्रतापगड, उमरठ, शिवथर ही नावे महाराष्ट्राला पराक्रमासाठी आणि ग्रंथरचनेसाठी ठाऊक आहेत. पण त्याच डोंगरांच्या घड्यांत म्हशींच्या पाठीमागे फिरणारा जो वर्ग राहत होता, त्याच्या जिन्नसावाचून पेठेच्या वखारीतील तुपाचे बुधले भरले नसते.

या वर्गाचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा या दोघांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम महाराष्ट्राच्या सह्याद्रीत हिंडून केला, आणि त्यांनी जे मांडले ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. गवळी धनगर म्हशी बाळगीत, दूध विरजून त्याचे लोणी काढीत, ते लोणी खोऱ्यातील कुणब्याला देऊन त्याच्याकडून धान्य घेत, आणि उरलेले ताक स्वतः पीत. शरीराला लागणारे प्रथिन त्या ताकातून मिळत असल्यामुळे ते शिकारीच्या वाटेला फारसे जात नसत, आणि डोंगरातली शिकार जणू अलिखित कराराने कुणब्यांकडे राहिली होती. एकाच डोंगरावर दोन जाती शतकानुशतके नांदल्या आणि एकमेकींच्या ताटात त्यांनी हात घातला नाही, याचे रहस्य ज्या गोष्टींत शोधावे लागते त्यांत ताक ही एक आहे.

आता असा प्रश्न उभा राहतो की, ज्याच्या गोठ्यात म्हशी आहेत त्याने दूधच का प्यायले नाही? याचे उत्तर देताना आपल्याकडे लगेच आयुर्वेदाचा आधार घेण्याची चाल आहे, आणि तो आधार खोटा नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीच्या रोग्याला ताक हितकर म्हटले आहे, कारण ते अग्नी प्रदीप्त करते, मल बांधते आणि पचायला हलके असते. अर्शाच्या प्रकरणातही ताकाची थोरवी आहे. परंतु पोलादपुराच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावर चरक कोणी वाचला होता? वैद्याने सांगितले म्हणून येथे कोणी ताक प्यायले नाही. दूध नाशवंत, चार-सहा तासांचा डोंगरउतार, पावसाळ्यात ओढे भरलेले, उन्हाळ्यात अंगाची काहिली, अशा वाटेने पेठेपर्यंत दूध पोचतच नसे. लोणी पोचे, आणि ते कढवून केलेले तूप तर महिनोन्महिने टिके. जमाबंदीचीही यात भर होती. मराठेशाहीतील करांच्या यादीत म्हैसपट्टी आणि वनचराई या बाबती आढळतात, आणि सरकारचे देणे चुकवायचे तर जे टिकते आणि ज्याला भाव येतो तेच विकावे लागे. म्हणून दुधातला स्निग्धांश खाली गेला, आणि जे विकण्याजोगे नव्हते ते घरात राहिले. ताकाची चाल वैद्याने पाडली नाही; ती पेठेने आणि पट्टीने पाडली.

या व्यवहाराचे यंत्र म्हणजे घुसळखांब. घराच्या आतल्या अंगाला रोवलेला तो खांब, त्याला अडकवलेली लाकडी रवी, तिच्याभोवती वेढे दिलेली आणि दोन हातांनी आळीपाळीने ओढायची दोरी, खाली मातीचा डेरा, आणि पहाटेच्या काळोखात सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारी ती घरघर; हे सारे स्त्रियांचे काम होते, आणि त्या कामाची मोजदाद कोणत्याही दप्तरात झाली नाही. रात्री दूध तापवून कोमट करावे, त्यात आदल्या दिवशीच्या दह्याचे विरजण लावावे, थंडीच्या दिवसांत मडके घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवावे, सकाळी दही घट्ट कवडीसारखे लागले की पाणी घालून घुसळावे, लोण्याचा गोळा वर आला की तो गार पाण्याचा हबका देऊन अलगद काढून घ्यावा, आणि राहिलेल्या ताकात मीठ टाकून नाचणीच्या भाकरीबरोबर न्याहारी उरकावी. उन्हाळ्यात त्याच ताकात नाचणीचे पीठ भिजत घालून आंबील केली जाई, आणि ती दुपारच्या श्रमाला पुरून उरे.

विरजणाच्या देवघेवीचे नियमही लक्षात घेण्यासारखे आहेत. एखाद्या घरचे दही बिघडले, तार धरू लागले किंवा कडवट झाले, म्हणजे शेजारणीकडून वाटीभर विरजण आणायचे. उद्या तिचे बिघडले तर आपण द्यायचे. मात्र दिवेलागणीनंतर कोणी विरजण घराबाहेर देत नसे, कारण त्याबरोबर घरची लक्ष्मी जाते अशी समजूत होती. समजूत बाजूला ठेवली तरी व्यवहार उरतोच. संध्याकाळी दिलेल्या विरजणामुळे आपल्याच रात्रीच्या दुधाला विरजण उरले नाही, तर दुसऱ्या दिवशीचे लोणी बुडाले! शिवाय या देवघेवीमुळे एका वाडीतील दह्याचे जीवाणू घराघरांतून फिरत राहत, एका घरात ते मेले तर दुसऱ्यात जिवंत असत, आणि पिढ्यांमागून पिढ्या तेच वाण नव्या दुधात वाढत जाई. ज्या काळी जीवाणू हा शब्दही जन्माला आला नव्हता त्या काळची ही व्यवस्था आहे.

दुधात जी साखर असते तिला दुग्धशर्करा म्हणतात; गाईच्या दुधाच्या शंभर भागांत ती पाच भागांच्या आसपास असते, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम. ती पचवण्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर लागते. तान्ह्या मुलात ते भरपूर असते. परंतु जगातील बहुसंख्य माणसांत बालपण सरता सरता ते ओसरते, आणि मग न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाऊन तेथे आंबते, पोट फुगते, गुडगुडते, कळ येते, ढाळ होतात. पाश्चात्त्य वैद्यक फार काळ असे मानत आले की प्रौढाने दूध पिणे हा मनुष्यमात्राचा धर्म आहे आणि ते न सोसणे हा विकार. १९६५-६६ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी तेथल्या कृष्णवर्णीय प्रौढांची तपासणी केली, तेव्हा बहुतेकांत हे विकर अल्प आढळले, आणि त्या समजुतीला पहिला जबर धक्का बसला. त्याच दशकात मुंबईत एच. जी. देसाई आणि त्यांचे सहकारी दुग्धशर्करा पाजून रक्तातील साखर मोजण्याच्या चाचण्या करीत होते. पुढे १९८१ मध्ये टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरातील लोकांत हे न सोसण्याचे प्रमाण २७.४ टक्के आणि दक्षिणेतील त्रिवेंद्रम-पाँडिचेरीकडील लोकांत ६६.६ टक्के असल्याचे दाखवले; आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आनुवंशिक पाहणीत, प्रौढपणीही दूध पचवू देणारा जनुकभेद भारतात वायव्येकडून आग्नेयेकडे उतरत जातो, असे दिसून आले. आपला कोकण या उतरणीवर कोठेतरी मध्ये पडतो.

मग म्हशी पाळणाऱ्या डोंगरी माणसाचा निभाव कसा लागला? याचे उत्तर डेऱ्यात आहे. दूध विरजले की जीवाणू त्यातील शर्करेचा काही भाग, साधारणपणे चतुर्थांश ते तृतीयांश, स्वतः खाऊन त्याचे आम्ल करतात. ताकात वरून पाणी पडते, म्हणून एका वाटीतील शर्करा आणखी कमी होते. पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. १९८४ साली अमेरिकेत कोलार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध न सोसणाऱ्या माणसांना तेवढ्याच शर्करेचे दूध आणि जिवंत जीवाणूंचे दही देऊन त्यांच्या श्वासातील हायड्रोजन मोजला, कारण न पचलेली शर्करा आंबली की हा वायू निर्माण होतो. तेव्हा दह्यानंतर तो दुधानंतरच्या सुमारे एकतृतीयांशच भरला. म्हणजे जीवाणू आपल्या पेशीत शर्करा तोडणारे विकर घेऊन पोटात उतरतात, दही स्वतःच जठरातील आम्लाची तीव्रता कमी करून त्यांना थोडेफार वाचवते, पुढे पित्तरसाशी गाठ पडली की त्यांच्या पेशीची भिंत ढिली होते, आणि जे विकर माणसाजवळ नाही ते त्यांच्याकडून उसने मिळते. काही देशांतील पशुपालकांत जे काम जनुकाने केले ते येथे विरजणाने केले.

येथे हिरकणीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ती पायथ्याच्या वाडीची गवळण. कोजागिरीच्या दिवशी दूध विकायला गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, आणि घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी तिने कडा उतरला, अशी आख्यायिका आहे, आणि तिच्या नावाचा बुरूज आजही दाखवला जातो. आख्यायिकेला इतिहासाचे पुरावे मागणे अरसिकपणाचे. तरी तिच्यात अर्थव्यवहाराचा एक तपशील नकळत जपला गेला आहे. ताजे दूध विकणारी गवळण कोठे असू शकते? राजधानीच्या पायथ्याशीच, कारण तेथेच, काही तासांच्या आत, ताजे दूध विकत घेणारा गिऱ्हाईक होता. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी त्याची उरलीसुरली वस्तीही संपवली, आणि त्या गिऱ्हाइकाबरोबर ताज्या दुधाचा तो बाजारही गेला. मागे राहिले ते धनगर आणि त्यांचे ताक. कोजागिरीला आटीव दुधाचे पेले रिचवून दुसऱ्या दिवशी पोट धरून बसणारी मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि दोष मात्र नेहमी जागरणाला किंवा भज्यांना दिला जातो.

दूधदुभत्याच्या इतिहासात जातीचा उल्लेख टाळून चालणार नाही, आणि महाडात तर मुळीच नाही. कोणाच्या हातचे लोणी चालते, कोणाला ताक वरून ओतून वाढायचे, कोणाच्या गोठ्यातल्या म्हशीचे दूध पेठेत विकत घेतले जाणारच नाही, याचे नियम लोणी-धान्याच्या विनिमयाइतकेच काटेकोर होते. अस्पृश्य मानलेल्या घरांना म्हैस बाळगूनही या बाजारात जागा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, आणि त्यानंतर गावातील सनातन्यांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, ती शेण, गोमूत्र, दूध आणि दही घातलेल्या एकशे आठ घागरी मंत्रोच्चारात त्या पाण्यात रिचवून. जे दही माणसाच्या पोटाला हितकारक ठरले तेच माणसाला पाण्यापासून दूर ठेवण्याच्या कामी आले. तळ्यावरील हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडावे लागले.

लोणी-धान्याच्या विनिमयाची जुनी व्यवस्था मोडायला सुरुवात मात्र त्याच्याही आधी झाली होती. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वनांच्या सीमा आखल्या, चराईवर आणि उतारावरील फिरत्या शेतीच्या दळींवर निर्बंध आले, आणि म्हशींची संख्या माळाच्या ताकदीवर नव्हे तर वनखात्याच्या मर्जीवर अवलंबून राहू लागली. कुणब्याची मुले मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तेथे शहरातील तबेले हलवून १९४९ मध्ये आरे येथे दुग्धवसाहत उभी राहिली, आणि महाडात आईच्या ताकावर वाढलेला मुलगा परळच्या चाळीत बाटलीतील दूध पिऊ लागला. मग घाटांत मोटारी फिरू लागल्या, आणि जे दूध कधी डोंगर उतरू शकत नव्हते ते किटल्यांतून पहाटेच्या गाडीने जाऊ लागले. घुसळखांब निरुपयोगी झाला. दूध थेट विकले तर लोण्यापेक्षा रोख पैसा लवकर हाती येतो आणि पहाटेची घुसळण वाचते. घुसळण करणाऱ्या बाईने हा सौदा पत्करला तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. ताक मात्र मागे उरेनासे झाले, आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रौढ माणसे न विरजलेले दूध फारसे पीत नव्हती तेथे पिशवीतल्या दुधाचा पेला आरोग्याचा पुरावा होऊन बसला. चहाला मी यात दोषी धरीत नाही. कपभर चहात दुधाचे चार घोट असतात, आणि तेवढी शर्करा दूध न सोसणाऱ्या बहुतेकांना सहज सोसते. पाहण्यांवरून तर एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एका पेल्याइतकी, शर्कराही अशांपैकी पुष्कळांना फारसा त्रास देत नाही.

आता औषधांच्या दुकानात ‘प्रोबायोटिक’ या नावाने पुड्या आणि गोळ्या मिळतात. या कल्पनेचा युरोपातील आरंभ दह्यापासूनच झाला: १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हा येथे आपल्या देशच्या दह्यातील जीवाणू ओळखला, आणि लवकरच पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ यांनी त्यावर दीर्घायुष्याची उपपत्ती उभी केली, जिचा पुष्कळ भाग पुढे टिकला नाही. २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून अशी व्याख्या केली की, पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव ते प्रोबायोटिक. या व्याख्येत ‘पुरेशा’ आणि ‘जिवंत’ ही दोन्ही विशेषणे भरीची नाहीत. दह्याच्या जीवाणूंमुळे दुग्धशर्करा पचायला मदत होते हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये मान्य केला, पण अट घातली की एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जीवाणू जिवंत असले पाहिजेत. गोळ्यांच्या बाबतीत निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत. काही वाणांनी त्रास कमी झाला, काहींनी झाला नाही, आणि म्हणून पुडीवर कोणते वाण आहे हे न पाहता ती घेणे व्यर्थ आहे. उलट घरच्या दह्यातही कोणते जीवाणू किती आहेत याची हमी कोणी देत नाही. आपल्या दह्यातील मिश्रण घराघरांत आणि ऋतूऋतूंत बदलते. वारंवार होणारे ढाळ, वजन उतरणे, रक्त पडणे, असे काही असेल तर ताकावर विसंबू नये, डॉक्टर गाठावा. आणि दुधातील प्रथिनांचे ज्याला वावडे आहे त्याचा विकार वेगळा, त्याला ताकही वर्ज्य.

‘जिवंत’ या अटीत आपल्या स्वयंपाकघरातले पुष्कळ बारकावे सामावलेले आहेत. कढी उकळली की जीवाणू मरतात. तिच्यात शर्करा कमी झालेली असते एवढाच लाभ उरतो. श्रीखंडाचा चक्का टांगला की निवळीबरोबर बरीच शर्करा निघून जाते, आणि तुपात ती जवळजवळ नसतेच, म्हणून दूध न सोसणारा माणूस तुपाची धार निःशंक घेऊ शकतो. कारखान्यात उच्च तापमानाला तापवून खोक्यात बंद केलेले, महिनोन्महिने टिकणारे ताक आंबट असते, पण त्यात जिवंत असे काही राहिलेले नसते.

रायगडाच्या पायऱ्यांवर धनगर बाया आजही ताक विकतात. १९९६ पासून रज्जुमार्ग झाल्यामुळे पायऱ्या चढणारे कमी झाले असतील, तरी शिवजयंतीला आणि राज्याभिषेकदिनाला माठांभोवती गर्दी लोटते, आणि ताकात घातलेले पाणी कोठून आणले हे कोणी विचारीत नाही, जे खरे पाहता आधी विचारायला हवे. शतकानुशतके जे विकण्याजोगे नव्हते म्हणून घरात राहिले, ते आता पेल्याच्या मापाने रोख विकले जाते. लोण्याचा भाव मात्र तेथे कोणी काढीत नाही.